अभिनय शिकू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

प्रवेशाची चौकशी करायला आलेले बहुतेक पालक पहिल्यांदा हेच विचारतात की मालिकेत काम कधी मिळेल. म्हणून त्याचं उत्तर आधीच देतो. काम मिळवून देण्याचं आश्वासन आम्ही देत नाही, आणि पहिल्या वर्षी एकाही विद्यार्थ्याला ऑडिशनला पाठवत नाही. पुण्यातल्या आमच्या छोट्याशा केंद्रात रंगमंचावरचा अभिनय शिकवला जातो. कॅमेऱ्यासमोरचं काम तिसऱ्या वर्षी येतं. असा क्रम का, ते खाली वाचा. पटलं तरच प्रवेश घ्या.

पहिलं वर्ष

मोठ्यानं बोल म्हटलं की मूल ओरडतं. खांदे वर जातात, गळ्याच्या शिरा ताणतात आणि तालीम संपायच्या आत आवाज बसतो. म्हणून आम्ही सुरुवात करतो ती सतरंजीवर पाठ टेकून. पोटावर वही ठेवायची आणि श्वास घ्यायचा. वही वरखाली झाली पाहिजे, छाती नव्हे. हे जमलं की त्याच श्वासावर एक वाक्य म्हणायचं, मग तेच उभं राहून, आणि मग शेवटच्या रांगेत बसलेल्या मित्राशी बोलल्यासारखं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी उद्या तालमीला येणार नाही’ यातलं ‘नाही’ पडलं, तर प्रेक्षकाला उलटाच अर्थ ऐकू येतो. या एका गोष्टीवर आमचे कितीतरी वर्ग जातात, आणि ते जायलाच हवेत असं आमचं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट वाचनाची. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं संवाद रोमन लिपीत उतरवून पाठ करतात. आमच्याकडे ते चालत नाही. संहिता देवनागरीतच वाचायची, अडखळत का होईना. घरीही रोज थोडा वेळ मोठ्यानं वाचायला लावा आणि शक्य असेल तर समोर बसून ऐका. मूल घरी मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असेल तर ते आम्हाला आवर्जून सांगा. ती बोली आम्ही पुसायला लावत नाही. प्रमाण मराठी तिच्या जोडीला शिकवतो.

प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी बॅकस्टेजही सांभाळतो. नेपथ्याच्या लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे) लावणं, प्रॉपर्टीची म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंची यादी ठेवणं, प्रकाशाचे क्यू म्हणजे दिवे कधी बदलायचे त्याच्या खुणा देणं, सगळं. ‘आमच्या मुलीला स्टेजवर कधी आणणार?’ असं काही पालक विचारतात. अंधारात विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या एन्ट्रीसाठी पेला वेळेवर हातात देणाऱ्या मुलीला नाटकाची लय कळू लागते. ती वर्गात सांगून कळत नाही.

मार्गदर्शक

दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो. हे सगळे रंगभूमीवर आज काम करणारे नट, दिग्दर्शक किंवा तंत्रज्ञ आहेत. ते विद्यार्थ्याची तालीम बघतात, काय वाचावं, कोणतं नाटक बघावं ते सुचवतात, भूमिका मिळाली नाही तेव्हा त्याच्याशी बोलतात. अठराच्या आतल्या मुलांची भेट केंद्रातच, उघड्या दाराच्या खोलीत होते आणि पालक केव्हाही येऊन बसू शकतात. मार्गदर्शकानं मुलाला एकट्याला मेसेज पाठवायचा नाही, हा नियम आम्ही कोणासाठीही सैल करत नाही.

पुढची वाट ठरवतानाही मार्गदर्शक सोबत असतात. महाविद्यालयात गेल्यावर पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. स्पर्धेच्या वेळी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात कॉलेजची मुलं देतात ती ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी ऐकलेल्या मुलांना तालमीची गोडी वेगळी सांगावी लागत नाही. पदवीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडून नाटक करण्याचा सल्ला आम्ही कधीही देत नाही.

मुलाला चित्रीकरणाचं काम आलं तर

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कामाबद्दल केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत आणि ते पालकांना माहीत असलेच पाहिजेत. मुलाकडून दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही. जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची असते. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करायचा असतो. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. मुलाची इच्छा नसेल तर काम करून घेता येत नाही, हेही नियमातच आहे. करार घेऊन आमच्याकडे या, सही करण्याआधी सोबत बसून वाचू. त्याचे पैसे घेत नाही.

ऑडिशनसाठी नोंदणी फी, ‘पोर्टफोलिओ करा मग बघू’, निवड झाली पण आधी अनामत भरा, असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. मोहात पडलेलं मूल रडेल, त्याला समजावायला आम्ही येऊ.

फी आणि पहिला वर्ग

फी दर तिमाहीला घेतो. प्रयोगाचे कपडे, संहितेच्या प्रती, सभागृहाचं भाडं त्यातच आलं. मधेच सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात. वर्ग शनिवार-रविवारी असतात. वयाप्रमाणे आठ ते तेरा, चौदा ते सतरा आणि अठरा व पुढचे अशा तीन तुकड्या आहेत.

पहिला वर्ग विनामूल्य आहे. सैल सुती कपडे, पाण्याची बाटली आणि एक वही आणावी. घरून काहीही पाठ करवून आणू नका.