उन्हाळ्यातलं पातळ कवच आणि कोंबडीचा श्वास

मार्च उलटला की लेअर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या, पोल्ट्रीवाल्यांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं: तडकलेली अंडी वाढली. गोळा करताना नख लागलं तरी कवच चिरतं, आणि मधूनच एखादं अंडं तर नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेलं, मऊ निघतं. त्यावर पहिला इलाजही ठरलेला, खाद्यात ग्रिटचं, म्हणजे कॅल्शिअमसाठी मिसळायच्या चुनखडी-शिंपल्यांच्या भरडीचं, प्रमाण वाढवायचं. कवच कॅल्शिअमचं असतं, म्हणजे कॅल्शिअम कमी पडलं असणार, असा हा हिशेब.

हिशेब अर्धाच आहे. कवचाचा ९४-९५ टक्के भाग कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो. कॅल्शिअम गोणीतून येतं हे खरं, पण कार्बोनेट गोणीतून येत नाही. चुनखडीत ते असतं, मात्र कोंबडीच्या पोटातल्या आम्लात चुनखडी विरघळली की त्यातलं कार्बोनेट वायू होऊन जातं. कवचात बसणारं कार्बोनेट नव्याने तयार होतं, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे कोंबडीच्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड. उन्हाळ्यात तुटवडा पडतो तो बहुधा याचाच.

हे नीट कळायला अंड्याचा दिवस कसा जातो ते पाहावं लागतं. सकाळी अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचं बलक सुटतं. पुढच्या तीनएक तासांत त्याभोवती पांढरा भाग चढतो, मग तासा-सव्वातासात आतलं पातळ पटल विणलं जातं. म्हणजे दुपार होता होता अंडं कवचग्रंथीत पोहोचतं आणि तिथेच १८ ते २० तास मुक्काम ठोकतं. सुरुवातीचे काही तास काम संथ असतं. कवचाचा खरा भर चढतो तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. शेडमधले दिवे बंद, कोंबड्या झोपलेल्या, खाणं थांबलेलं, आणि नेमकं तेव्हाच बांधकाम सगळ्यात जोरात चालू.

साठ ग्रॅमच्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शिअम असतं. कोंबडीच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शिअम जेमतेम २० ते ३० मिलिग्रॅम. कवच भरात असताना तासाला शंभर मिलिग्रॅमच्या वर कॅल्शिअम खेचलं जातं. म्हणजे दर दहा-पंधरा मिनिटांनी रक्तातला सगळा साठा संपतो आणि पुन्हा भरला जातो, तोही रात्रभर. दुसऱ्या कुठल्या पाळीव प्राण्याच्या शरीरावर कॅल्शिअमचा एवढा ताण रोजच्या रोज येत असेल असं मला वाटत नाही.

ही भर दोन ठिकाणांहून होते. एक म्हणजे आतडं, जोवर त्यात खाद्य आहे तोवर. दुसरं हाडं. अंड्यावर येण्याआधी साधारण दोन आठवडे, संप्रेरकांच्या प्रभावाखाली, मांडी आणि नडगीच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळंच भुसभुशीत हाड वाढू लागतं. याला मेड्युलरी हाड म्हणतात. शरीराचं वजन पेलण्याचं काम त्याच्याकडे फारसं नसतं. ते रात्री मोडायचं आणि दिवसा भरायचं कॅल्शिअमचं कोठार असतं. हे हाड माद्यांमध्येच, आणि त्याही अंड्याच्या काळातच, सापडतं. म्हणूनच २००५ साली मेरी श्वाइट्झर यांना मोंटानात मिळालेल्या टायरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडात तशीच ऊती दिसली तेव्हा मोठी खळबळ उडाली. सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वीचा तो प्राणी मादी होती आणि अंड्यावर होती, असं पहिल्यांदाच म्हणता येत होतं.

कोठारावर रोज रात्री फार भार पडला तर मात्र साधं, वजन पेलणारं हाडही झिजू लागतं. पिंजऱ्यातल्या जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या वर्षाच्या अखेरीस पायातून जातात, छातीचं हाड मोडतं, त्यामागे हेच कारण मोठं असतं. त्यामुळे प्रश्न केवळ किती कॅल्शिअम दिलं एवढ्यावर सुटत नाही, ते कोणत्या वेळी आतड्यात असतं यालाही तेवढंच महत्त्व आहे.

कोंबडीला हे आपल्या आधी कळलेलं दिसतं. फ्रान्समध्ये मोंजें आणि सोव्हर या दोन संशोधकांनी १९७०च्या दशकात कोंबड्यांना कमी कॅल्शिअमचं खाद्य आणि कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे वेगवेगळ्या भांड्यांत दिले. ज्या दिवशी कवच बनायचं असेल त्या दिवशी कोंबड्या शिंपले जास्त टिपत, आणि तेही मुख्यतः दुपार टळल्यावर. रात्रीची शिदोरी त्या स्वतःच बांधून घेत होत्या. पिंजऱ्यात एकाच गव्हाणीत सगळं मिसळून दिल्यावर ही निवड त्यांच्या हातात राहत नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपल्याला ती करावी लागते. खाद्यातली चुनखडी सगळी पिठासारखी बारीक असेल, म्हणजे पोल्ट्रीवाले जिला एलएसपी म्हणतात तीच असेल, तर ती भराभर विरघळून रात्र पडायच्या आत पुढे निघून जाते. दोन ते चार मिलिमीटरचे खडे मात्र खाद्य भरडणाऱ्या स्नायूंच्या पोटात, गिझर्डमध्ये, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू झिरपतात. तेव्हा ग्रिट वाढवण्यापेक्षा पिठाचा काही वाटा खड्यात बदलणं आणि संध्याकाळचं खाद्य भरपेट मिळेल असं पाहणं जास्त उपयोगी. वरून ओतलेलं जादा कॅल्शिअम खाद्याची चव घालवतं आणि फॉस्फरसलाही अडवतं. अंड्यावर न आलेल्या तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात.

इथवर कॅल्शिअमची बाजू झाली. ती नीट सांभाळलेल्या शेडमध्येही मे महिन्यात कवच पातळ होतंच.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ झालेली आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं. कवचग्रंथीत शेवटी बनतो तो हाच पदार्थ, मात्र वायूपासून बायकार्बोनेट करून द्यायला तिथे कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं विकर लागतं. या विकराच्या गाभ्यात जस्त असतं, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. त्याचं महत्त्व लक्षात आलं ते काहीसं आडवाटेने. सल्फानिलामाइड हे त्या काळचं नवं जंतुनाशक औषध दिलं की कोंबड्या बिनकवचाची, मऊ अंडी घालत. हे औषध कार्बॉनिक अनहायड्रेजला थोपवतं हे १९४०मध्ये कळलं होतं. १९४४मध्ये बेनेश आणि सहकाऱ्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. कॅल्शिअम मुबलक होतं, पण त्याला जोडीदार मिळत नव्हता.

उन्हाळ्यात औषधाशिवाय तेच घडतं. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि हवा तापली की चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा मुख्य मार्ग. मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास दीडशे-दोनशेच्या वर जातात. ओल्या श्वासमार्गातून पाणी उडतं, अंग थंड होतं, पण प्रत्येक श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरण्यासाठी मूत्रपिंडं बायकार्बोनेट टाकून देतात. शिवाय रक्त अल्कधर्मी झालं की मोकळं कॅल्शिअम प्रथिनांना चिकटतं आणि कवचाला मिळेनासं होतं. भरीला भूक मंदावलेली, आणि रक्ताचा ओघ अंतर्भाग सोडून त्वचेकडे, तुऱ्याकडे आणि चोचीखाली लोंबणाऱ्या गलोलीकडे वळलेला. चारही बाजूंनी कोंडी होते, आणि त्यातल्या तीन कोंड्या ग्रिटने सुटणाऱ्या नाहीत.

मग गेलेला वायू परत का देऊ नये? १९८५ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले टेड ओडम, हॅरिसन आणि डॅरे यांनी अगदी हेच केलं. उष्ण शेडमधल्या व्हाइट लेगहॉर्न कोंबड्यांना त्यांनी चक्क सोडावॉटर प्यायला दिलं. साधं पाणी पिणाऱ्या कोंबड्यांपेक्षा त्यांच्या अंड्यांची कवचं सुधारली. मला या विषयातला हा सगळ्यात आवडता प्रयोग वाटतो, कारण कल्पना शाळकरी पोराला सुचावी इतकी सरळ आहे आणि ती लागू पडली. हजारो पक्ष्यांच्या शेडला दाबाखालचं सोडावॉटर नळाने पुरवायचं म्हणजे खर्चाचं काम. त्यामुळे ती शेतावर रुजली नाही हेही तितकंच समजण्यासारखं.

त्याऐवजी खाण्याचा सोडा वापरात आला. सोडिअम बायकार्बोनेट स्वस्त असतं आणि खाद्यात सहज मिसळतं. पण त्याचे निष्कर्ष बरीच वर्षं उलटसुलट येत राहिले. कुणाला गुण दिसे, कुणाला नाही. सिडनी विद्यापीठातल्या बॅलनेव्ह आणि मुहीरेझा यांनी १९९७मध्ये त्यातली मेख दाखवली: कवच बनत असतानाच्या तासांत कोंबडीला सोडा घातलेलं खाद्य खाता येत असेल, तरच फायदा दिसतो. दिवसा खाल्लेला सोडा रात्रीपर्यंत टिकत नाही. म्हणजे पुन्हा मुद्दा वेळेवरच आला.

मध्यरात्री तास-दीड तास दिवे लावून कोंबड्यांना खाऊ-पिऊ घालण्याची पद्धत याच विचारातून पुढे गेली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हार्म्स यांच्या गटाने १९९६मध्ये अशा मध्यरात्रीच्या खाद्याने कवच सुधारू शकतं असं दाखवलं. उन्हाळ्यात तिचा दुहेरी लाभ आहे, कारण दिवसभर धापा टाकत उपाशी राहिलेली कोंबडी गारव्यात मनापासून खाते. फक्त एक काळजी: आधी आणि नंतर पुरेसा अंधार हवा, आणि वेळ रोज तीच हवी. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. छतावर उसाचं पाचट घालून पाणी मारणं, पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर लावणं हे उपाय त्यापेक्षा साधे, आणि ते मूळ कारणावरच, म्हणजे धापेवर, घाव घालतात.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: पाणी. उन्हाळ्यात कोंबडी खाद्य कमी खाते पण पाणी कितीतरी जास्त पिते, त्यामुळे पाण्यात जे काही विरघळलेलं असेल त्याचा डोसही वाढतो. बॅलनेव्ह आणि योसेलेविट्झ यांनी १९८७मध्ये दाखवलं की पिण्याच्या पाण्यातलं साधं मीठ कवच खराब करतं. पुढच्या कामात लिटरला दोन ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यामुळे कवचग्रंथीतल्या कार्बॉनिक अनहायड्रेजचं काम मंदावलेलं आढळलं, आणि बायकार्बोनेटचा पुरवठा आटलेला. १९९२च्या एका अभ्यासात अशा कोंबड्यांना जस्त आणि मेथिओनिन या अमिनो आम्लाचं संयुग खाद्यातून दिल्यावर नुकसान कमी झालं. विकराच्या गाभ्यात जस्त असतं, त्याचा संबंध इथे लागतो.

मीठ आणि सोडा दोन्हींत सोडिअम आहे, तरी परिणाम उलट. फरक क्लोराइडचा आहे. म्हणून उन्हाळी खाद्यात नेहमीचं मीठ थोडं कमी करून त्या जागी सोडा घालतात. पण बोअरचं पाणीच मचूळ असेल तर हे गणित बिघडतं, कारण क्लोराइड मागच्या दाराने पुन्हा येतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा तशाच पाण्यावर लेअर शेड चालत असेल, तर ग्रिटच्या आणखी गोण्या मागवण्याआधी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवावी. तपासणीत क्षारांबरोबर क्लोराइडचा आकडा वेगळा मागून घ्यावा, आणि तो खाद्य बनवून देणाऱ्यालाही कळवावा, म्हणजे त्याला मीठ किती कापायचं ते ठरवता येईल.