संज्ञापनशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यास

माणसे आणि माध्यमे यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीचा, विशेषतः तिच्या परिणामांचा, समाजशास्त्रीय पद्धतींनी अभ्यास करणारा पदव्युत्तर शिक्षणक्रम. पत्रकारितेचा विद्यार्थी बातमी लिहायला शिकतो. इथला विद्यार्थी ती बातमी कोणापर्यंत पोचली, त्यातले काय लक्षात राहिले आणि कोणाचे मत बदलले का, हे तपासायला शिकतो. प्रवेश घेण्यापूर्वीच हा फरक नीट समजून घ्यावा.

१९१६ मध्ये कार्ल ब्यूशर यांनी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात वृत्तपत्रविद्येची संस्था स्थापन केली. अमेरिकेत विल्बर श्रॅम यांनी आयोवा, इलिनॉय आणि स्टॅनफर्ड येथे या विषयाला विद्यापीठीय घडण दिली. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांच्या गटाने १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात ओहायोतील ईरी काउंटीतल्या मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. प्रचाराने मत थेट बदलण्याचे प्रमाण अपेक्षेहून बरेच कमी निघाले. ओळखीतल्या जाणत्या माणसांचा शब्द अधिक वजनदार ठरला. आजही बहुतेक अभ्यासक्रमांत हा अभ्यास सुरुवातीलाच शिकवला जातो.

युरोपातील विद्यापीठांत ही पदवी एक किंवा दोन वर्षांची असते. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात साधी पदवी एका वर्षाची, ६० श्रेयांकांची (क्रेडिट) आहे, तर संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठीची दोन वर्षांची, १२० श्रेयांकांची. भारतात एम.ए. किंवा एम.एस्सी. सहसा दोन वर्षांची असून तिच्यात संज्ञापन, पत्रकारिता आणि निर्मिती एकत्र शिकवण्याकडे कल आहे. त्यामुळे कॅमेरा व संपादन यांना वेळ मिळतो, पण संख्याशास्त्र मागे पडते. ही उणीव मोठी आहे, कारण पद्धतिशास्त्र, म्हणजे संशोधन कसे करावे याचे शास्त्र, हाच या पदवीचा कणा आहे.

ते का, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रयोगावरून दिसते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोता-मंडळे सुरू केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा शेतीविषयक मराठी कार्यक्रम लागे. गावकरी तो एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवत. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते व्हिएन्नात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली गेली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रसारणाआधी व नंतर लोकांची माहिती मोजली. मंडळांच्या गावांत ती ठळकपणे वाढली, इतरत्र वाढ नगण्य होती. नुसता संच बसवून भागत नाही, ऐकल्यावर बोलायला माणसे लागतात, हे तुलनेची गावे निवडली नसती तर ठामपणे सांगता आले नसते. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली.

याच शिस्तीचा सराव विद्यार्थी प्रबंधात करतो. समजा, मराठी दैनिकांतील दुष्काळाच्या बातम्या तपासायच्या आहेत. कोणती दैनिके, कोणते महिने, अग्रलेख धरायचे की नाही, हे आधी ठरवावे लागते. मग ‘शेतकऱ्याला दोष देणारा मजकूर’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या लिहावी लागते. दोन व्यक्तींनी तोच मजकूर स्वतंत्रपणे वाचून सारखीच वर्गवारी केली, तरच आकडे ग्राह्य धरतात. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर प्रबंधात उरते ते केवळ मत.

समाजमाध्यमांच्या अभ्यासात अडचण सामग्रीचीच आहे. फेसबुकवरील मजकूर शोधण्याचे क्राउडटँगल हे साधन फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने संशोधकांना मोठ्या मंचांकडून माहिती मागण्याचा मार्ग खुला केला आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे गट मात्र बंदिस्त. तिथले संदेश अभ्यासायचे तर सभासदांची संमती घ्यावी लागते, आणि ओळख पटेल असा तपशील प्रबंधातून काढावा लागतो.