एक्सपेडाइटेड ट्रकिंगमध्ये नवीन ओनर-ऑपरेटर: कॅरिअर कंपनी कशी निवडायची, पात्रता काय, कागदपत्रं कुठली

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या डोक्यात स्वतःची व्हॅन किंवा ट्रक घेऊन एक्सपेडाइटेडमध्ये उतरायचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो आणि ती खरंच मनावर घ्या: गाडी आधी घेऊ नका. आधी कॅरिअर कंपनी (जिच्या नावाखाली माल वाहायचा ती) ठरवा, तिचे गाडीबद्दलचे नियम हातात घ्या आणि मगच गाडी बघायला जा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, स्वस्तात मिळाली म्हणून गाडी उचलतात आणि मग फोन फिरवत बसतात, तेव्हा कळतं की एका कंपनीला एवढी जुनी गाडी चालत नाही, दुसरीला मागे लिफ्टगेट पाहिजे, तिसरीला बॉक्सची लांबी कमी पडते, आणि चौथी घ्यायला तयार असते पण ती का तयार आहे हे तिथे गेल्यावर समजतं.

एक्सपेडाइटेड म्हणजे घाईचा माल. कारच्या कारखान्यात एक पार्ट संपला की अख्खी असेंब्ली लाइन थांबते, मग तो पार्ट दोन पॅलेट का असेना, एकट्या गाडीत घालून रातोरात पाठवतात. म्हणूनच या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या डेट्रॉइट-ओहायो पट्ट्यात आहेत, ॲक्रनजवळची फेडेक्स कस्टम क्रिटिकल (आधीची रॉबर्ट्स एक्सप्रेस), मेडायनाची पँथर, मिशिगनमधल्या टेलरची लोड वन. ही नावं फक्त ओळखीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नाही.

स्वतःची ऑथॉरिटी की लीज

दोन रस्ते आहेत. एक, एफएमसीएसएकडे (ट्रकिंगवर देखरेख करणारी फेडरल संस्था) ३०० डॉलर फी भरून स्वतःची ऑपरेटिंग ऑथॉरिटी, म्हणजे माल वाहण्याचा परवाना, काढायची, बीओसी-३ (कोर्टाचे कागद घेणाऱ्या एजंटची नोंद) फाइल करायचं, लायबिलिटी इन्शुरन्स स्वतः घ्यायचा आणि पहिले १८ महिने न्यू एन्ट्रंट म्हणून त्यांच्या नजरेखाली काढायचे. दुसरा, एखाद्या कॅरिअरशी लीज करून तिच्या डॉट नंबरखाली (कंपनीचा फेडरल नोंदणी नंबर) गाडी चालवायची. नवीन माणसाने दुसराच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नव्या ऑथॉरिटीचा इन्शुरन्स फार महाग पडतो आणि बरेच ब्रोकर (कस्टमर आणि कॅरिअरमधले दलाल) नव्या नंबरला माल देतच नाहीत. खरं तर याच्याही आधी सहा महिने-वर्षभर कुणा फ्लीट ओनरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून काढले तर आणखी बरं, हप्ता डोक्यावर नसताना धंदा समजतो.

पात्रता

राज्याबाहेर माल न्यायचा तर कमर्शियल गाडीसाठी वय किमान २१ लागतं, कंपन्या इन्शुरन्समुळे अनेकदा त्याहून जास्त मागतात. लायसन्सचं असं आहे की गाडीचं जीव्हीडब्ल्यूआर (मालासकट कमाल वजनाची ठरलेली मर्यादा) २६,००१ पौंड किंवा जास्त असेल तर सीडीएल (कमर्शियल लायसन्स) लागतं, म्हणूनच २६,००० चे स्ट्रेट ट्रक (केबिन आणि बॉक्स एकाच चासीवर असलेले) इतके दिसतात. पण प्लॅकार्ड (धोक्याची पाटी) लावावा लागेल असा हॅझमॅट, म्हणजे धोकादायक, माल न्यायचा असेल तर गाडी छोटी असली तरी सीडीएल आणि हॅझमॅट एंडोर्समेंट पाहिजे, त्यासाठी टीएसएची बॅकग्राउंड चौकशी होते. ते जमत असेल तर काढाच, लोड ऑफर वाढतात.

व्हॅनवाल्यांनी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचावा. जीव्हीडब्ल्यूआर १०,००१ पौंडांच्या खाली असेल (आणि प्रत्यक्ष वजनही खाली राहत असेल) तर फेडरल लॉगबुक (ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद) आणि मेडिकल कार्डचे नियम सहसा लागत नाहीत, पण स्प्रिंटर ३५०० च्या काही गाड्या ११,००० च्या वर रेट केलेल्या असतात, दिसायला तीच व्हॅन, नियम मात्र मोठ्या ट्रकचे. आणि हलकी व्हॅन असली तरी कॅरिअर स्वतःच्या पॉलिसीने मेडिकल कार्ड मागू शकते. तसंच व्हॅन घेणं सोपं म्हणून व्हॅनवाल्यांची गर्दीही जास्त, हे लक्षात ठेवूनच आकडे मांडा.

कामाचा हक्क हा आपल्या लोकांसाठी मोठा मुद्दा. एच-वन-बी वर असताना हे करता येत नाही, साइड बिझनेस म्हणूनही नाही. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर प्रश्न मिटला. ईएडीवर (वर्क परमिटवर) असाल तर नॉन-डोमिसाइल्ड सीडीएलचे (कायम रहिवासी नसलेल्यांच्या लायसन्सचे) नियम २०२५ मध्ये खूप कडक करायला घेतले आणि ते प्रकरण कोर्टातही गेलं, त्यामुळे एक डॉलरही खर्च करण्याआधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीत जाऊन विचारा. इंग्रजीचंही तसंच, बोर्ड वाचता येणं आणि अधिकाऱ्याशी बोलता येणं हा नियम जुनाच आहे पण जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत त्यात कमी पडलात तर तिथल्या तिथे आउट ऑफ सर्व्हिस करतात, म्हणजे पुढे चालवायला बंदी. घरातल्या कुणाला को-ड्रायव्हर म्हणून नेणार असाल, आणि नवरा-बायकोच्या टीम्स या धंद्यात भरपूर आहेत, तर त्यांनाही हे सगळं लागू आहे.

मेडिकल तपासणी एफएमसीएसएच्या नॅशनल रजिस्ट्रीतल्याच डॉक्टरकडे होते, सर्टिफिकेट जास्तीत जास्त २४ महिन्यांचं. बीपी १४०/९० च्या आत असेल तरच पूर्ण दोन वर्षांचं मिळतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना आता बंदी नाही, पण त्यांच्या डॉक्टरने भरलेला एमसीएसए-५८७० फॉर्म सोबत न्यावा लागतो.

कंपनी कशी तपासायची

एफएमसीएसएच्या सेफर साइटवर कंपनीचं नाव किंवा डॉट नंबर टाका, फुकट आहे. ऑथॉरिटी ॲक्टिव्ह आहे का, किती गाड्या, गेल्या २४ महिन्यांत किती इन्स्पेक्शन, त्यात किती टक्के गाड्या आउट ऑफ सर्व्हिस झाल्या, शेजारीच राष्ट्रीय सरासरी दिलेली असते ती ताडून बघा. कंपनीच्या नंबरखाली तुम्ही चालवणार म्हणजे तिचा रेकॉर्ड खराब असेल तर वे स्टेशनवर (ट्रकच्या वजन-तपासणीच्या नाक्यावर) तुमची गाडी जास्त वेळा आत घेतली जाणार. मालवाहू कंपन्यांचे सेफ्टी पर्सेंटाइल २०१५ पासून लोकांना दिसत नाहीत, पण एफएमसीएसएच्याच एसएमएस या सेफ्टी रेकॉर्डच्या साइटवर इन्स्पेक्शनमध्ये सापडलेल्या चुका दिसतात, त्यात ब्रेक-टायर जास्त की लॉगबुक जास्त यावरून कंपनी ड्रायव्हरला कशी पळवते याचा अंदाज येतो.

मग रिक्रूटरला फोन. रिक्रूटरचं काम गाडी भरती करणं आहे हे विसरू नका, तो "आमचे लोक आठवड्याला इतके कमावतात" म्हणेल तर विचारा की तो आकडा माझ्याच साइजच्या गाडीचा आहे का, सोलोचा की टीमचा, आणि डिझेल काढून की धरून. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा की तुमचा किती माल तुमच्या स्वतःच्या कस्टमरचा आणि किती लोड बोर्डवरून (माल-जाहिरातींच्या साइटवरून) ब्रोकरकडून उचललेला, कारण ब्रोकरचा माल म्हणजे मधे आणखी एक हात, तुमच्या वाट्याला येईपर्यंत रस निघून गेलेला असतो. शिवाय माझ्या साइजच्या किती गाड्या आहेत, लोड नाकारला तर काय होतं, ॲक्सेप्टन्स रेट (ऑफर केलेले किती टक्के लोड घेतले) मोजता का आणि तो घसरला तर रांगेत मागे टाकता का, डिटेन्शन (माल भरता-उतरवताना खोळंबल्याचे पैसे) किती तासांनी सुरू होतं, लेओव्हरला (लोडसाठी मुक्काम पडला तर) काय मिळतं, माल उतरवल्यावर रिकामं दुसऱ्या शहरात जायला सांगितलं तर त्या मैलांचे पैसे कोण देणार. उत्तरं तोंडी घेऊन थांबू नका, ईमेलवर मागा. जे लिहून द्यायला कां-कू करतात त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही.

रेटचं एक उदाहरण करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते आहेत. कस्टमर ६०० मैलांच्या लोडला १,५०० डॉलर देतो. पहिली कंपनी लोडेड मैलाला १.५५ आणि २० सेंट फ्युएल सरचार्ज देते, झाले १,०५० डॉलर. दुसरी ६५ टक्के देते, सरचार्ज त्यातच, झाले ९७५. वरवर पहिली बरी. पण पहिलीच्या लोडला २५० मैल रिकामं जावं लागलं, दुसरीच्या लोडला ६०. ट्रक १० मैलांचं ॲव्हरेज देतो आणि डिझेल ४ डॉलर धरलं तर पहिल्यात डिझेल ३४० चं, हातात ७१०. दुसऱ्यात डिझेल २६४ चं, हातात ७११. पैसे तेच, पण दुसऱ्यात १९० मैल कमी पळालात, टायर वाचले, तास वाचले. म्हणून दर मैलाचा रेट विचारायचा तो एकूण मैलांवर, रिकाम्यासकट.

कागदपत्रं

लायसन्स, मेडिकल कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा कामाच्या हक्काचा पुरावा हे तर आलंच. अर्जात गेल्या तीन वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या लागतात, सीडीएलवाल्यांना कमर्शियल गाडी चालवलेल्या नोकऱ्यांचा त्याआधीचा सात वर्षांचाही इतिहास द्यावा लागतो. मधे भारतात जाऊन चार-सहा महिने राहिला असाल तर तो गॅप तसाच्या तसा लिहा, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची कॉपी जवळ ठेवा, लपवलेला गॅप व्हेरिफिकेशनमध्ये अडकतो. कंपनी तुमचा एमव्हीआर (राज्याकडचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड) काढते, बऱ्याच कंपन्या एफएमसीएसएचा पीएसपी रिपोर्टही बघतात, त्यात पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांची इन्स्पेक्शन असतात. तो आपण स्वतः १० डॉलरमध्ये आधीच काढून बघावा, चूक असेल तर एफएमसीएसएच्या डेटाक्यूज साइटवर तक्रार करता येते. सीडीएलवाल्यांना ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउसमध्ये अकाउंट उघडून कंपनीला संमती द्यावी लागते आणि कामाआधी ड्रग टेस्ट होते.

गाडीचं म्हणाल तर टायटल किंवा फायनान्सचे पेपर, रजिस्ट्रेशन, बारा महिन्यांच्या आतलं ॲन्युअल इन्स्पेक्शन. आयआरपी प्लेट (अनेक राज्यांत चालणारी) आणि इफ्टा (राज्यांच्या इंधन टॅक्सचा हिशोब) २६,००० पौंडांच्या वरच्या किंवा तीन ॲक्सलच्या गाड्यांना, अनेक कंपन्या प्लेट आपल्या नावावर देतात आणि सेटलमेंटमधून कापून घेतात. फॉर्म २२९० चा अवजड गाड्यांवरचा फेडरल टॅक्स ५५,००० पौंड आणि पुढच्यांनाच, म्हणजे स्ट्रेट ट्रकवाल्यांनी सहसा त्याची काळजी करू नये.

धंद्याचे कागद म्हणजे एलएलसी केली असेल तर तिचे पेपर, ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर), डब्ल्यू-९ आणि बँकेचा व्हॉइड चेक. तुम्हाला पगार नाही, वर्षाअखेरीला १०९९ येणार, त्यामुळे टॅक्स स्वतः भरायचा, तारखा साधारण १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के हा इन्कम टॅक्सपेक्षा वेगळा. दर सेटलमेंटमधून काही भाग बाजूला टाकलाच पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये धावपळ.

इन्शुरन्समध्ये लोड असतानाची लायबिलिटी सहसा कंपनीची असते. आपल्याला घ्यावे लागतात ते गाडीचं फिजिकल डॅमेज, कामावर नसतानाचं नॉन-ट्रकिंग किंवा बॉबटेल, आणि आजारपण-अपघातासाठी ऑक्युपेशनल ॲक्सिडेंट, कारण वर्कर्स कॉम्प तुम्हाला सहसा नसतं. कंपनीमार्फतच घ्या म्हणाले तर बाहेरचा कोट आणून ताडून बघा.

लीज ॲग्रीमेंट वाचताना

इथे घाई अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी ओरिएंटेशनच्या दिवशीच समोर ठेवतात आणि खोलीतले सगळे सही करत असतात, म्हणून ब्लँक कॉपी आठवडाभर आधी ईमेलवर मागून घ्यायची. फेडरल नियम आहेत, ४९ सीएफआर भाग ३७६, ट्रुथ-इन-लीजिंग म्हणतात, आणि ते तुमच्या बाजूने आहेत. डिलिव्हरीचे लागणारे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. टक्केवारीवर असाल तर कस्टमरला लावलेल्या बिलाची कॉपी सेटलमेंटच्या वेळी किंवा आधी मिळायला हवी, नाहीतर ६५ टक्के कशाचे हे कळणार कसं. काय काय कापणार आणि ते कसं मोजणार हे ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असलंच पाहिजे. कंपनीकडूनच काही विकत घ्या अशी सक्ती लीजची अट म्हणून करता येत नाही.

कापून घेण्याच्या गोष्टींची एक यादीच मागा, ईएलडीचं (इलेक्ट्रॉनिक लॉगबुकचं) भाडं, प्लेट, इन्शुरन्स, एस्क्रो (कंपनीकडे ठेवायची अनामत), फ्युएल कार्ड फी, सेटलमेंट फी, आणि महिन्याची बेरीज करा, कारण गाडी उभी असली तरी हे कापलं जातं. सुट्टीला भारतात सहा आठवडे गेलात तर त्या आठवड्यांचं काय होतं, पुढच्या सेटलमेंटमधून एकदम वसूल करतात का, हेही विचारून ठेवा.

कंपनीच गाडी विकते आणि हप्ता सेटलमेंटमधून घेते, ते लीज-पर्चेस मात्र टाळा. लोड देणारा आणि हप्ता वसूल करणारा एकच झाला की तुम्हाला नाही म्हणायची जागाच राहत नाही. एफएमसीएसएच्याच ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ च्या अहवालात असे कार्यक्रम बंद करा म्हणून शिफारस केली, यावरून समजा.

बाहेर पडायचं कलमही सही करण्याआधीच वाचायचं. किती दिवसांची नोटीस, ती लेखी की ईमेल चालतो, लवकर सोडलं तर काही दंड आहे का. सोडताना दारावरचे कंपनीच्या नावाचे आणि डॉट नंबरचे स्टिकर काढून परत द्यावे लागतात, ते दिल्याशिवाय कंपनी शेवटचं पेमेंट रोखू शकते, नियमातच तशी मुभा आहे, म्हणून काढलेल्या स्टिकरचा आणि रिकाम्या दाराचा तारखेसकट फोटो घ्या आणि ट्रॅकिंग असलेल्या कुरिअरनेच पाठवा. एस्क्रो लीज संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत परत आला पाहिजे, त्यावर व्याजासकट, आणि त्यातून काही कापलं असेल तर त्याचा हिशोब मागायचा तुम्हाला हक्क आहे.