गोव्याची आर्थिक नाकेबंदी (१९५५–६१)

पोर्तुगिजांनी गोवा, दमण आणि दीव सोडावे म्हणून भारताने व्यापार, रेल्वे, मनीऑर्डरी आणि प्रवास यांवर घातलेले निर्बंध. फौज न पाठवता, केवळ कोंडी करून शेजारची परकी राजवट नमवण्याचा हा प्रयत्न होता. तो फसला, पण का फसला, हे पाहण्यासारखे आहे.

लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून पोर्तुगालने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’, म्हणजे पोर्तुगालचाच भाग, ठरवले आणि चर्चेचे दारच लावून घेतले. जून १९५३ मध्ये भारताने तिथली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षी भारतीय मुलुखाने वेढलेले दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह ठिकठिकाणांहून गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर भारताने पणजीतला आपला वाणिज्य दूतावास उठवला. कॅसलरॉकहून दूधसागराच्या घाटाने कुळे, मडगाव, मुरगावकडे उतरणारी रेल्वे थांबली. घाटमाथ्याचा माल ज्या बंदरातून जावा म्हणून ती बांधली होती, त्या मुरगावची पाठच तुटली.

झळ पहिल्यांदा लागली ती गोवेकराच्या घराला. गावाकडचे कितीतरी संसार मुंबईतल्या कमाईवर चालत. कुणी धोबी तलावाच्या कुडीत (गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडात) राहून बोटीवर नोकरीला लागलेला, कुणी गिरगावात पेढीवर कारकून. त्यांनी पाठवलेली मनीऑर्डर आता घरी पोचेना. वडील वारले तरी परमिटाशिवाय सीमा ओलांडता येईना. बागायतदाराच्या नारळ-सुपारीचे जवळचे गिऱ्हाईक गेले आणि बेळगावची भाजी यायची बंद झाली.

बाजार मात्र ओस पडला नाही. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागले. दाबोळीला विमानतळ झाला आणि कराचीशी हवाई संपर्क सुरू झाला. पणजी-मडगावच्या दुकानांत स्विस घड्याळे आणि स्कॉच मिळे; तोच माल, शिवाय सोने, रानवाटांनी बांदा-सावंतवाडीकडे चोरून उतरे. नाकेबंदी घालणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

डाव खऱ्या अर्थाने उलटला तो खाणींमुळे. डिचोली-सांगे भागातले लोहखनिज बार्जांनी मांडवी-जुवारीतून मुरगावला आणि तिथून जपान, पश्चिम जर्मनीला जाई. या व्यापाराला भारताच्या रेल्वेची गरजच नव्हती. नाकेबंदीच्याच वर्षांत निर्यात काही दशलक्ष टनांवर गेली, राजवटीला परकी चलन मिळाले आणि मूठभर खाणमालकांची घराणी उभी राहिली. १९५९ च्या सुमारास रुपिया या गोव्यातल्या चलनाच्या जागी पोर्तुगालचे एस्कुदो आणून पोर्तुगिजांनी चलनाचा दुवाही तोडला. समुद्र उघडा ठेवून जमिनीची वाट अडवणे, ही या धोरणाची मूळ खोट म्हणावी लागेल.

राजनैतिक आघाडीवर भारताची बाजू हळूहळू जड होत गेली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्यांसह काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून झाला, तेव्हा दिल्लीत संताप उसळला. पण डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत, म्हणजे वसाहतींत, केली. त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा-नगर हवेलीकडे जाण्याचा पोर्तुगालचा हक्क नागरिक व माल यांच्यापुरता मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नाकारला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्वाळा दिला.

नोव्हेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. डिसेंबरात मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आला. सुरक्षा परिषदेतला शस्त्रसंधीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. सहा वर्षांच्या कोंडीला जे जमले नाही ते दोन दिवसांत झाले, हे खरे. तरी आधीची ती वर्षे नसती तर आफ्रो-आशियाई देश इतक्या सहज भारताच्या बाजूने उभे राहिले असते का, याची शंका आहे.

पोर्तुगालने हे विलीनीकरण मानले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिस आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या.