बॅग ग्लोव्हज की बॉक्सिंग ग्लोव्हज?

नावावरून वाटतं, यात विचार करण्यासारखं काही नाही. टांगलेल्या पंचिंग बॅगवर ठोसे मारायचेत, तर बॅग ग्लोव्हज घ्यावेत. रिंगमध्ये उतरायचंच नाही, मग बॉक्सिंग ग्लोव्हज कशाला? त्यात बॅग ग्लोव्हज बहुधा स्वस्त. हाच हिशेब करून मी पहिली जोडी घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात उजवं मनगट सुजवून घरी बसलो. घाम गाळण्यापुरतं बॅगवर हात चालवणाऱ्या नवख्या माणसाला हे नाव फसवतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

बॅग ग्लोव्ह अंगाने सडपातळ असतो. फोम पातळ पण घट्ट, मनगटाशी आखूड पट्टी किंवा नुसतं इलॅस्टिक, आणि काहींत अंगठा उघडाच. हात झटझट फिरतो, ठोसा कुठे बसला ते लगेच कळतं. ज्याची मूठ आणि मनगट दर ठोशाला एका रेषेत राहतं, त्याला हे सुख आहे. बॉक्सिंग ग्लोव्ह, म्हणजे दुकानात ‘ट्रेनिंग ग्लोव्ह’ म्हणून मिळतो तो, गुबगुबीत असतो. फोम जाड, अंगठा मुठीला शिवून टाकलेला, मनगटाभोवती रुंद वेल्क्रो. त्यावरचा 10, 12, 14, 16 औंस हा आकडा पुष्कळांना हाताचं माप वाटतो, पण ते एका ग्लोव्हचं वजन असतं. औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, तेव्हा 12 औंसाचा ग्लोव्ह 340 ग्रॅमच्या आसपास भरतो. औंस वाढले की सहसा फोमही वाढतो.

आणि हा फोम मारणाऱ्याच्या हातासाठीही असतो, हे विसरायला होतं. अठराव्या शतकात लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन शिष्यांना सरावात गुबगुबीत हातमोजे घालायला लावी, तेव्हा खऱ्या लढती मात्र उघड्या मुठींनीच होत. लढतीत ग्लोव्हज हवेतच, हे लिहिलं गेलं 1867 च्या क्वीन्सबरी नियमांत. बॅगला दुखत नाही, म्हणून आपण पातळ ग्लोव्ह घेतो. दुखणार असतं ते आपल्याला.

कार्डिओत, म्हणजे दम लागेपर्यंत करायच्या व्यायामात, तर हा धोका वाढतोच. तीन मिनिटं ठोसे, एक मिनिट विसावा, असे सहा-आठ राउंड केले की शेकडो ठोसे होतात. पहिल्या दोन राउंडांत मूठ आवळलेली असते, ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसतो. पाचव्या राउंडला खांदे भरून येतात, मूठ सैल पडते, मनगट आत दुमडतं आणि मार करंगळीच्या बाजूला जातो. करंगळीच्या गाठीमागचं हाड मोडलं तर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण ते सराईत बॉक्सरपेक्षा वेड्यावाकड्या ठोशांनीच जास्त मोडतं. दमलेल्या हाताची चूक जाड फोम आणि रुंद पट्टी थोडीफार पोटात घालतात. पातळ ग्लोव्ह ती सरळ हाडाकडे पाठवतो. बॅग जुनी असेल आणि आतलं भरण तळाशी बसून दगड झालेलं असेल, तर विचारूच नका.

म्हणून जोडी एकच घ्यायची असेल तर 12 औंसाचे ट्रेनिंग ग्लोव्हज. हात लहान असेल तर 10, अंगाने भारी असाल आणि ठोसा जोरकस असेल तर 14. ‘16 औंस घ्या, वजनाने जास्त चरबी जळते’ असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. जड ग्लोव्हने खांदे लवकर थकतात, ठोसे वाकडे पडू लागतात आणि राउंड अर्ध्यात सुटतो. उघड्या बोटांचे एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) ग्लोव्हज तर या कामाचे नाहीतच. ते प्रतिस्पर्ध्याला पकडता यावं म्हणून तसे असतात.

पैसे वाचवायचे ते कातड्यात. अस्सल चामडं जास्त टिकतं खरं, पण आठवड्यातून दोन-तीनदा वापरायला बरं रेक्झिन पुरतं. लेसवाल्या ग्लोव्हजच्या वाटेलाही जाऊ नका, ती बांधायला दुसरा माणूस लागतो. मनगटाची पट्टी आणि फोम यांत मात्र कंजुषी नको. घेण्याआधी अंगठ्याने गाठींवरचा फोम जोरात दाबून बघा. आतला हात सहज लागला तर तो ग्लोव्ह ठेवून द्या. पट्टी आवळल्यावर मनगट पुढेमागे सहज वाकत असेल तरी तेच. आणि घालून बघताना आत हँड रॅप, म्हणजे मुठीला आणि मनगटाला गुंडाळायची लांब कापडी पट्टी, बांधलेला असावा, नाहीतर रिकाम्या हाताला नेमका बसलेला ग्लोव्ह नंतर बोटं बधिर करतो. रॅप 180 इंची, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासचा घ्या. आखूड रॅप मनगट आणि मूठ दोन्हींना पुरत नाही.

बॅग ग्लोव्हज वाईट नाहीत. आठव्या राउंडलाही मनगट सरळ राहू लागलं आणि बॅग मऊ असली, की हलक्या, झपाझप ठोशांसाठी ते मजेत वापरावेत. उलट, बॅगवर दाबून चपटे झालेले ट्रेनिंग ग्लोव्हज घालून कुणा जोडीदारासमोर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं राहू नका. त्या फोममध्ये मार शोषायची ताकद उरलेली नसते.

व्यायाम झाला की ग्लोव्हज पिशवीत कोंबू नयेत. वेल्क्रो पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात नको, रेक्झिनला भेगा पडतात. रॅप मात्र दर वेळी धुवायचेच, कारण वास मारतो तो बहुतेक त्यांच्यातलाच घाम.