स्प्रिंग बसली की शॉकअप गेले?

‘भाऊ, गाडी लय उडायली’ एवढं सांगून आपण गाडी गॅरेजात लावतो आणि चहाला जातो. या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी असू शकतात. एकात स्प्रिंग बसलेली, म्हणजे दबून दबून आखूड झालेली असते, दुसऱ्यात शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर गेलेले असतात. दोन्ही वस्तू एकाच चाकापाशी असतात, बऱ्याच गाड्यांत एकीत एक बसवलेल्या, आणि बोलताना आपण दोन्हींना शॉकअपच म्हणतो. नुसता नावाचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण जुन्या गाडीवर थोडक्या पैशात काही करायचं असेल, तर याच घोळात पैसे बुडतात. माझे बुडाले, म्हणून हे लिहितोय.

माझी 2003 ची मारुती झेन आहे. अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत मांजरसुंब्याकडे जाताना मागचा भाग होडीसारखा वर-खाली व्हायचा. एका दुकानात सांगितलं, मागची स्प्रिंग ढिली झालीय, तिच्या वेढ्यांत रबरी बफर टाकून घ्या. टाकले. गावात दोन दिवस गाडी कडक वाटली, मी खूश. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर वळणात ब्रेक लावला आणि मागची चाकं टप-टप उड्या मारत बाहेरच्या बाजूला सरकली. बायको-पोरं गाडीत होती. ती भीती अजून आठवते.

पुढे दुसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी मागचा शॉकअप काढून माझ्या हातात दिला. ‘दाबा,’ म्हणाले. दांडी निम्म्यापर्यंत सुरी लोण्यात जावी तशी गेली, मग अडकली. दुसऱ्या बाजूचाही तसाच. स्प्रिंगला काही झालंच नव्हतं. मी चांगल्या स्प्रिंगवर औषध केलं होतं आणि मेलेला शॉकअप तसाच ठेवला होता.

दोघांची कामं वेगळी आहेत. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. खड्डा आला की ती दबते, तो धक्का स्वतःत साठवते आणि लगेच परत देते. ती काहीही गिळत नाही, घेतलेलं सगळं परत फेकते. शॉकअप वजन तोलत नाही. त्याच्या नळीत तेल असतं, आणि दांडी आत-बाहेर होताना ते तेल बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून रेटलं जातं. त्या रेटारेटीत स्प्रिंगने साठवलेली उसळी उष्णतेत जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून शॉकअपच्या नळीला हात लावला तर ती चांगली तापलेली लागते. उसळी तिथे जिरलेली असते.

फरक पक्का करायचा असेल तर मनातल्या मनात एकेक भाग काढून बघा. चारही शॉकअप काढले तरी उभ्या गाडीची उंची जवळपास आहे तेवढीच राहील, कारण वजन त्यांच्यावर नव्हतंच. स्प्रिंग काढली तर गाडी खाली बसेल. म्हणून ‘गाडी खाली बसलीय, शॉकअप बदला’ हे वाक्य बहुतेक वेळा चूक असतं. काही शॉकअपमध्ये तेलासोबत दाबाखालचा गॅसही असतो, तो दाब गाडी किंचित वर रेटतो, पण बसलेली गाडी उचलायला तो पुरत नाही.

घोळ होण्याचं एक कारण जुनं आहे. टांग्याला पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग असायच्या, शॉकअप नसायचे, तरी टांगा फार वेळ डोलत राहायचा नाही. एकावर एक ठेवलेले पाटे दबताना एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणातच बरीच उसळी जिरते. म्हणजे पाटा वजनही तोलतो आणि थोडंफार शॉकअपचं कामही करतो. जीप, अॅम्बेसेडर, ओम्नी यांच्या मागच्या बाजूला पाटेच होते. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रीला ‘एक पाटा वाढवला की गाडी सुधारते’ हा अनुभव खरोखर आलेला आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये असं घर्षण जवळपास नसतं. तिथे उसळी जिरवायला शॉकअपशिवाय कोणी नाही, आणि पाट्याचा अनुभव लागू होत नाही.

दुसरं कारण मोटारसायकल. तिच्या मागे शॉकअप आत आणि स्प्रिंग त्याच्याभोवती असते, म्हणून सगळ्या जोडीलाच शॉकअप म्हणायची सवय लागली. खाली खाचांची जी कडी पान्याने फिरवतो, तिने शॉकअप कडक होतो असं जवळजवळ सगळे समजतात. त्या कडीने फक्त स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी वजनाखाली कमी बसते. आतल्या तेलाला त्या कडीचा पत्ताही नसतो. मारुती 800 च्या पुढच्या चाकांनाही अशीच जोडी आहे, तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात.

आता आपला रस्ता. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. तीच माती डांबराखालीही असते. भराव आणि खडी नीट नसेल तर चार पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. वरून डांबर शाबूत दिसतं, खड्डा एकही नसतो, आणि तरी गाडी डोलते. शॉकअप तपासायला याहून चांगली जागा नाही.

साध्या मोटारीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतं. लाटांवर लाटा त्याच तालात आल्या की प्रत्येक लाट आधीच्या डोलण्यात भर घालते, झोक्याला योग्य वेळी धक्का द्यावा तशी. शॉकअप ठीक असेल तर लाट ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत होते. दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉकअपवर संशय घ्या.

बसलेल्या स्प्रिंगची खूण वेगळी. ती लाटेवर नाही, खड्ड्यात आणि गतिरोधकावर कळते. मागे तिघं बसले, डिकीत दोन पोती टाकली, आणि गतिरोधकावर ‘धाड’ असा आवाज आला तर दबायची जागा संपून स्टॉपरवर आपट बसली आहे. रात्री समोरचा वारंवार अप्पर-डिप्पर देत असेल तर तेही लक्षात घ्या. मागचा भाग बसला की हेडलाइट वर उठतात आणि थेट त्याच्या डोळ्यांत जातात.

वळणाची गोष्ट नाजूक आहे. लांब वळणावर गाडी शेवटी किती झुकणार हे स्प्रिंग ठरवते, आणि जिथे अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारा दांडा) आहे तिथे तोही. किती पटकन झुकणार हे शॉकअप ठरवतो. मांजरसुंबा घाटात एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना गाडी धपकन दुसऱ्या कुशीवर पडल्यासारखी वाटते, तेव्हा दोष बहुधा शॉकअपचा असतो. ती हळूहळू, पण खूपच झुकत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे किंवा त्या गाडीचा मूळ स्वभावच तसा आहे.

घरी तपासायला टेप पुरतो. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करा, हवा नीट भरा, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत अंतर मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक आला तर स्प्रिंग बसली आहे किंवा मोडली आहे. गुंडाळीचा अगदी खालचा वेढा गंजून तुटतो आणि वरून दिसत नाही, म्हणून वाकून बघा. शॉकअपसाठी नळी बघा. तेलाचा धुळकट ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. मग टायरवरून तळहात फिरवा. उंच-सखल खळगे पडल्यासारखे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. कोपरा हाताने दाबून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तिने फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. अर्धमेला त्यात पास होतो.

बफरबद्दल माझा राग आहे, तरी न्यायाने सांगतो. वेढ्यांच्या मध्ये रबर बसलं की तेवढी गुंडाळी काम करायची थांबते आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. दर आठवड्याला मोंढ्यात सोयाबीनची पोती नेणाऱ्याला, शॉकअप चांगले असतील तर, याचा उपयोग होतो. पण स्प्रिंग कडक झाली की तिची उसळी जोरदार होते, आणि ती आवरायला शॉकअपही ताकदीचा लागतो. मेलेल्या शॉकअपवर बफर टाकणं म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला मोठं इंजिन बसवणं. माझी चाकं त्या वळणात का उडाली, हे मला तेव्हा कळलं.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचं तर नावच काढू नका. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते आणि दबायची जागाही घटते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं.

शॉकअपला भोक पाडून नवं तेल भरून देतात, वरून वेल्डिंग करतात. जाड तेलामुळे महिनाभर कडक वाटतो. झिजलेले व्हॉल्व्ह आणि सील मात्र तसेच राहतात. याच्या उलट, भंगारातून आणलेली मूळ मापाची स्प्रिंग, तडा आणि खोल गंज नसेल तर, मी बिनधास्त वापरीन. पोलाद सहसा दगा देत नाही. भंगारातला शॉकअप फुकट मिळाला तरी घेणार नाही, कारण त्याचं आयुष्य आतल्या सीलमध्ये असतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

मी शेवटी काय केलं तर बफर काढले आणि मागे दोन नवे शॉकअप घेतले, कंपनीच्याच मापाचे, गॅसचे. त्यातल्या नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, म्हणून खराब रस्त्यावर दम टिकतो. एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही एकदमच बदलायचे, एकच बदलला तर गाडी एका कुशीला वेगळी वागते. उस्तादांनी बसवण्याआधी प्रत्येक शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला आणि ओढला. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपच्या तेलात हवा शिरलेली असते, ती अशी निघते. हे किती जण करतात?

गाडीच्या पुढच्या बाजूचे शॉकअप ठीक होते, पण लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटले होते. बुश स्वस्त असतात आणि स्टिअरिंगमधला निम्मा सैलपणा त्यांच्यामुळे असतो, असं माझं मत झालंय. ते बदलताना एक हट्ट धरा. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर, मग आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पुढचा स्ट्रट खोलला असेल तर नंतर अलाइनमेंट करून घ्यायची.

स्ट्रट मात्र घरी खोलू नका. त्यातली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. स्प्रिंग कंप्रेसर न लावता, तार-दोरी बांधून वरचं नट काढलं तर ती बंदुकीसारखी सुटते, आणि समोर माणूस असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर नेकनूरच्या अलीकडच्या लाटा अजून वाढल्यात. झेन त्यांच्यावरून जाते, एकदा वर येते आणि बसते. डिकीत ज्वारीचं पोतं असलं की मागे अजूनही जरा खाली दिसते. टेपने मोजलं तर रिकाम्या गाडीत डावं-उजवं सारखंच येतंय, त्यामुळे स्प्रिंगला मी हात लावलेला नाही.