खाली जाते, वर येत नाही

लोणावळ्याच्या अलीकडे कणसं घ्यायला गाडीची डाव्या बाजूची काच अर्धी खाली केली आणि ती तिथेच अडली. वरचं बटण दाबलं की दारातून बारीकशी ‘टक्’ यायची, काच जागची हलायची नाही. बाहेर मरणाचा पाऊस. गडबडीत खालचं बटण दाबलं गेलं, तर उरलेली काचही सर्रकन खाली! बायको पुण्यापर्यंत एका हातात कणीस आणि दुसऱ्या हातात आडवी छत्री धरून बसली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निदान झालं. दाराचं पॅनेल काढलं, मोटरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, सोडवून त्यात मीटरच्या पिना घातल्या, वरचं बटण दाबलं. मीटरवर १२ व्होल्ट. “सप्लाय येतोय साहेब, म्हणजे मोटर वीक झालीये. खाली जाताना काचेचं वजन मदत करतं, वर चढवायला दम लागतो.” खर्च साडेतीन हजार. तर्क ऐकायला पटण्यासारखा होता. पण मला तो काही गिळवेना, म्हणून पॅनेल परत बसवून घेतलं आणि घरी आलो.

शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवा. डीसी मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. काच वर-खाली करणारी मोटर एकच असते, तिची कॉइल तीच, ब्रश तेच, चुंबकही तेच. बटण फक्त कुठल्या तारेला प्लस द्यायचा ते ठरवतं. गंमत अशी की कोणतंही बटण दाबलेलं नसतं तेव्हा दोन्ही तारा अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या असतात. ‘वर’ दाबलं की एक तार अर्थ सोडून प्लसला जाते आणि दुसरी अर्थवरच राहते. ‘खाली’ दाबलं की याच्या उलट. म्हणजे काच वर जायला ‘वर’चं बटण दाबलं जाणं जितकं गरजेचं, तितकंच ‘खाली’चं बटण न दाबलेल्या अवस्थेत नीट टेकलेलं असणंही गरजेचं.

आता दुसरा पदर. डावी काच दोन ठिकाणांहून चालते, त्या दारावरच्या बटणाने आणि ड्रायव्हरजवळच्या मेन स्विचने. जिन्यातला दिवा खालून लावून वरून बंद करतो, त्या जोडणीची ही चुलत बहीण. अनेक जुन्या, साध्या गाड्यांत डाव्या दारातल्या बटणाला स्वतःची अर्थ नसतेच. ते मोटरच्या दोन्ही तारा मेन स्विचकडे पाठवतं आणि तिथल्या न दाबलेल्या बटणांतून त्यांना अर्थ मिळते. समजा, मेन स्विचमधल्या ‘खाली’ बटणाचा हा विश्रांतीचा संपर्क, म्हणजे न दाबलेलं असताना अर्थला टेकणारा ठिपका, जळाला. आता वरचं बटण कुठूनही दाबा, प्लस पोचेल, पण परतीची वाट याच जळक्या संपर्कातून जाते. काच वर येणार नाही. ‘खाली’ दाबलंत तर परतीची वाट दुसऱ्या, धडधाकट संपर्कातून. काच मजेत खाली. थोडक्यात, काच वर येत नाही कारण ‘खाली’चं बटण बिघडलं, आणि तेही समोरच्या दारातलं! डोकं गरगरलं असेल तर कागदावर चार रेघा मारून पाहा. मी दोनदा मारल्या.

मग मीटरने १२ व्होल्ट का दाखवले? गच्चीच्या टाकीतून येणारा पाइप कचऱ्याने तुंबला तरी नळ बंद असताना पूर्ण दाब दाखवतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्याच्या वाटेत जळक्या संपर्काचे २ ओहम आले काय, न आले काय. मोटरचा रोध मात्र ओहमहूनही कमी, तिच्यापुढे ते २ ओहम म्हणजे डोंगर.

म्हणून कपलर न काढता, मोटर जोडलेली असतानाच मोजायचं. बायकोला ‘वर’ दाबून धरायला सांगितलं आणि कपलरच्या मागून पिना खुपसल्या. मोटरच्या दोन टोकांत जेमतेम ३ व्होल्ट. अर्थची तार आणि बॉडी यांच्यात, जिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं, तिथे ९ व्होल्ट! दोन ओहमांत ९ व्होल्ट म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे सुमारे ४० वॅट उष्णता. आपली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते.

खात्रीसाठी कपलर काढला, दोन वायरच्या तुकड्यांनी मोटरच्या तारा उलट्या जोडल्या आणि ‘खाली’ दाबलं. काच सर्रकन वर. साडेतीन हजारांची ‘वीक’ मोटर! (हे करताना बोटं काचेच्या मशीनपासून लांब ठेवा, तिथली ताकद खेळण्यातली नाही.)

सगळ्याच काचा अशा गूढ कारणांनी अडत नाहीत. कटकट आवाज येऊन काच तिरपी होत असेल तर काच ओढणारी केबल किंवा तिचा प्लॅस्टिकचा तुकडा तुटलाय. दोन्ही दिशांना रडत चालत असेल तर रबराची खाच कोरडी पडलीय. तिथे सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको. दहा-बारा वेळा वर-खाली केल्यावर बंद पडून थोड्या वेळाने आपोआप चालू झाली तर मोटर तापल्यावर तिला वाचवणारा पुर्जा आपलं काम करतोय. आणि सगळं उचकटण्याआधी काचांचं लॉक बटण बघा. नव्या गाड्यांत बटण फक्त संदेश पाठवतं आणि मोटर एक छोटा संगणक चालवतो, तिथे वरचं तारांचं पुराण लागू नाही.

मेन स्विच उघडायला शनिवार उजाडला. शेजारचे काका म्हणाले, “शनिवारी लोखंडाच्या कामाला हात लावू नये.” संपर्काची पट्टी तांब्याची होती, त्यामुळे शनिदेवांचा प्रश्न आला नाही. आतला एक ठिपका काळा कुळकुळीत, भोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून सुरकुतलेलं. पावसात मी माझ्या बाजूची काच हवेसाठी दोन बोटं उघडी ठेवतो, आणि त्या फटीतलं पाणी ठिबकतं ते बरोबर या स्विचवर. ठिपका बारीक पॉलिश पेपरने घासला, स्पिरिटने पुसला, आणि काच वर आली. पण घासताना वरचा चांदीचा मुलामाही गेला होता, तेव्हा हे फार टिकणार नव्हतं. दिवाळीच्या आधी पुन्हा अडली, तेव्हा नाना पेठेतून नवा मेन स्विच आणला. बायकोच्या मते, छत्रीचे पैसे अजून बाकी आहेत.